पाहणाऱ्यांचा आकडा

प्रतिभा कोळपेला 'नाही जमणार' म्हणायची सवयच नव्हती. तिची आई वच्छलाबाई म्हणायची, ही पोटात होती तेव्हापासून हट्टी. धनगरांचा वाडा मेंढरं, घोडी आणि बिऱ्हाड घेऊन दरवर्षी कोकणात उतरायचा. तर ही बया गावात जन्मायचं सोडून ऐन घाटाच्या उतारावर जन्माला आली. चौथीपर्यंत तिची शाळा वाड्याच्या मागं मागं फिरली. मग मांडवगण फराट्याच्या रानात भीमेचं पाणी आलं, बापानं, मल्हारीनं, मेंढरं विकून ऊस लावला आणि प्रतिभा एका जागी बसून शिकायला लागली. शिरूरच्या कॉलेजात पहिल्यांदा कॉम्प्युटर समोर आला तेव्हा बाकीच्या मुली माउसला हात लावायला कचरत होत्या. ही म्हणाली, "चावतोय व्हय?" आणि सरळ खुर्चीत जाऊन बसली.

ती खुर्ची तिनं पुढं सोडलीच नाही. कॉलेज संपल्यावर हौसराव आप्पांनी तिला बोलावून घेतलं. हौसराव म्हणजे शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत सोयरिकी जुळवणारा माणूस. सोसायटीचे संचालक, पांढरेशुभ्र कपडे, आवाज असा की माइक शरमावा. त्यांच्याकडं मुलामुलींच्या माहितीच्या फायलींनी दोन कपाटं भरली होती. जग बदलतंय हे त्यांना कळत होतं, पण नेमकं कुठून बदलतंय ते कळत नव्हतं. प्रतिभानं ती दोन्ही कपाटं वर्षभरात वेबसाइटवर चढवली. शिरूरच्या एसटी स्टँडसमोर, खताच्या दुकानाच्या माडीवर 'घोडभीमा सोयरीक केंद्रा'चं ऑफिस होतं. तिथं दोन कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर, भिंतीवर कॅलेंडर आणि कायम युरियाचा वास असायचा. मोबदला बेताचाच होता, पण प्रतिभानं एक अट घातली होती. वेबसाइटच्या प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ असेल: 'ही वेबसाइट घडवली: प्रतिभा मल्हारी कोळपे, मांडवगण फराटा.' त्या ओळीवर बोट दाबलं की तिचा फोटो आणि शिक्षण असलेलं एक छोटंसं पान उघडे.

"एवढ्यानं काय हुतंय?" हौसरावांनी विचारलं होतं.

"आप्पा, माझ्या बापाचं नाव आजवर सातबाऱ्याशिवाय कुठं छापून आलेलं न्हाई," ती म्हणाली होती. हौसराव हसले आणि हो म्हणाले.

साइट चालली आणि अशी चालली की बघत राहावं. रांजणगावच्या कारखान्यांत लागलेली पोरं, पुण्यात शिकणाऱ्या पोरी, त्यांचे मामा, चुलते, सगळे सायबर कॅफेत येऊन स्थळं बघायला लागले. प्रतिभाला हुरूप आला. दुसऱ्या वर्षी तिनं प्रत्येक मुलामुलीच्या नावाखाली एक आकडा दाखवायला सुरुवात केली: 'हे स्थळ इतक्या जणांनी पाहिलं.' तिला वाटलं, लोकांना गंमत वाटेल.

लोकांना गंमत वाटली नाही, मान वाटला. आपल्याकडं लग्नात किती गाड्या आल्या, किती पंगती उठल्या, किती फेटे बांधले यावर माणसाची उंची ठरते, हे प्रतिभाला ठाऊक नव्हतं असं नाही. आकडा लावताना ते तिच्या डोक्यात आलं नाही एवढंच. चावडीवर, दूध डेअरीवर, हळदी-साखरपुड्यांत बोलणी सुरू झाली. आमच्या पोराला हजारानं बघितलं, तुमच्या पोराला किती?

आणि साइट पडायला लागली.

आधी अधूनमधून पडायची. मग गेल्या मोसमात तळेगाव ढमढेऱ्याच्या वधूवर मेळाव्यात भर मांडवात पडली. पडद्यावर स्थळं दाखवायची होती, दिसत होतं ते नुसतं गोल गोल फिरणारं चक्र. हौसराव माइकवर "एक मिनिट, एक मिनिट" करत राहिले आणि शेवटी माणसं जेवायला उठून गेली. सोसायटीच्या निवडणुकीत हौसरावांकडून पडलेला एक गडी पंगतीत म्हणाला, "आप्पांचा गाडा चिखलात रुतला." ते वाक्य दोन्ही तालुक्यांत फिरून हौसरावांकडं परत आलं.

यंदा तुळशीची लग्नं लागल्यावर दौंडला मोठा मेळावा ठरला होता. नवी सगळी स्थळं त्याच दिवशी, एकाच वेळी साइटवर उघडायची असं हौसरावांनी गावोगाव बोर्ड लावून जाहीर केलं होतं. मेळाव्याला तीनेक आठवडे राहिले असताना ते माडीवर आले आणि टेकायच्या आधीच बोलले.

"प्रतिभा, पुण्याच्या कंपनीचा मानूस यिऊन गेला. म्हनतोय, मोठी मशीन घिऊ, सगळं आमच्याकडं द्या. दौंडात जर साइट पडली तर मी दिऊन टाकनार. तुला अंधारात ठेवायचं न्हाई म्हनून सांगतोय."

"आन् खालची माझी ओळ?"

"कंपनी त्यांची, तवा ओळबी त्यांचीच येनार."

प्रतिभानं भिंतीवरच्या कॅलेंडरात मेळाव्याचा दिवस बघितला. पगाराचं तिला फारसं वाटलं नाही. पुण्यात दुसरी नोकरी उद्या मिळाली असती. पण ती ओळ पुसायची म्हणजे आपल्याच हातानं बापाचं नाव पुसायचं. ती वरकरणी मात्र एवढंच म्हणाली, "न्हाई पडनार, आप्पा."

कामाला लागण्याआधी रोग कळायला हवा होता. साइटवर गर्दी कधी होते हे तिला पाठ होतं. ते घड्याळावर नव्हतं, भारनियमनावर होतं. खेड्यांत तासन् तास लाइट नसायची. ती आली की सगळ्या गावांतले सायबर कॅफे एकदम जागे होत आणि माणसं खुर्च्यांवर तुटून पडत. मशीनवर ताण येई तो त्या पहिल्या तासात. पण एवढी माणसं बघतात तरी कोणाला? एका सकाळी तिनं तपासलं तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. मांडवगणच्या सायबरवरून एकाच मुलाचं पान शेकडो वेळा उघडलं जात होतं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच मुलाचं. एवढ्या मुलीकडच्यांना एकच मुलगा पसंत पडतो? मग बाकीची बिनलग्नाची का राहतात?

तिनं जीप धरली आणि गाव गाठलं. मांडवगणचा सायबर जालिंदरचा. शाळेत तिच्याच वर्गात होता. आता डेअरीशेजारच्या गाळ्यात चार कॉम्प्युटर टाकून बसला होता. आत पाऊल टाकलं आणि प्रतिभा दारातच थबकली. एका कॉम्प्युटरपुढं आठ-दहा टोप्या दाटीवाटीनं बसल्या होत्या. मधल्या म्हाताऱ्याच्या हातात माउस होता आणि पडद्यावर त्यांच्याच घरातला नवरदेव. म्हातारा पान उघडी, बंद करी, पुन्हा उघडी. दर खेपेला आकडा एकानं पुढं सरके आणि शेजारचा पुतण्या मोठ्यानं तो वाचून दाखवी. हात दुखला की माउस दुसऱ्याकडं जाई.

"आप्पांनी जाहीर केलंय ना," जालिंदर तिला बाजूला घेऊन म्हणाला, "ज्या नवरदेवाला सगळ्यात जास्त लोकांनी बघितलं, त्याच्या बापाचा मेळाव्यात शाल-नारळ दिऊन सत्कार. तवापास्नं भावक्याच्या भावक्या येत्यात. पाळ्या लावल्यात मी."

हे शाल-नारळाचं हौसरावांनी प्रतिभाला सांगितलंच नव्हतं. ती आधी चिडली आणि मग तिला असं हसू फुटलं की टोप्या मागं वळून बघायला लागल्या. दोन तालुक्यांतले बाप आपापल्याच पोरांना बघून बघून साइट आडवी करत होते.

"हसतीस काय?" जालिंदर म्हणाला. "अजून एक गिऱ्हाईक हाय, रोजचं. पन त्याचं नाव तुला सांगायचं न्हाई. शपथ घातलीया."

"असंल कुनी हौशी बाप," ती म्हणाली. आणि ते तिथंच राहिलं, कारण तिचं डोकं आता कामाला लागलं होतं.

शिरूरला परतल्यावर तिनं हौसरावांना खुर्चीवर बसवलं.

"आप्पा, तुमच्या पुतन्याच्या लग्नात आहेर लिहायला मानूस कुठं बसवला व्हता?"

"मांडवाच्या दाराशी. टेबल टाकून."

"त्यालाच पंगतीत भात वाढायला लावला असता तर?"

"येडी का खुळी तू? भात तरी वाढंल न्हाईतर आहेर तरी लिहील. पंगत बसून ऱ्हाईल की."

"आपल्या साइटचं हेच झालंय. सगळ्यांची माहिती एकाच तक्त्यात हाय आन् तो आकडाबी त्याच तक्त्यात. कुनी पान उघडलं की मशीन आधी आकडा वाढवायला घेती. तेवढ्यापुरती सगळ्या तक्त्याला कडी लावती. बाकीचे बाहेर ताटकळत्यात. शंभर जन एकदम आले की बाहेरच्या रांगेनंच मांडव पडतो. पुण्याची मोठी मशीन आनली तरी काय, त्याच एका मानसाला मोठी परात दिल्यागत व्हईल."

हौसरावांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "मग काय, आहेरवाला वेगळा बसवायचा?"

"आहेरवाला वेगळा, शिजवनारा वेगळा, आन् वाढनारा वेगळा."

तिनं तसंच केलं. जी वेळ गावांत लाइट नसायची तीच तिनं कामाला धरली. तेव्हा साइटवर चिटपाखरू नसे आणि माडीवरचा इन्व्हर्टर घरघरत तिची सोबत करी. पाहणाऱ्यांचे आकडे तिनं एका वेगळ्या छोट्या तक्त्यात नेले. तिथं ते नुसते जमा व्हायचे आणि थोड्या थोड्या वेळानं एकदम बेरीज होऊन पानावर चढायचे. एका मोठ्या मशीनऐवजी दोन मध्यम मशीन भाड्यानं घेतल्या. पहिलीवर फक्त नवी माहिती लिहायची. दुसरीवर तिची हुबेहूब प्रत, आणि बघायला येणाऱ्या लोकांना तिकडं वळवायचं. गाव, शिक्षण, देवक, ज्या गोष्टी लोक पहिल्यांदा विचारतात त्यांच्या अनुक्रमणिका करून ठेवल्या, म्हणजे एक स्थळ शोधायला मशीननं सगळं कपाट उलथायला नको. देवक एक असेल तर लग्न होत नाही, म्हणून पूर्वी मशीन दर वेळी प्रत्येक मुलाचं देवक प्रत्येक मुलीशी ताडून बघत बसे. आता नाव नोंदवतानाच ते एकदा ताडून ठेवलं. दोनदा बिनसलं. एकदा प्रत मुळापेक्षा दिवसभर मागं राहिली, एकदा तिनं स्वतःच चुकीच्या मशीनवर लिहिलं आणि अर्धा दिवस निस्तरण्यात गेला. तिनं चहा मागवला, कपाळावर हात मारून घेतला आणि पुन्हा मांडी ठोकून बसली.

शेवटचं कलम उरलं होतं आणि ते सगळ्यात अवघड होतं, कारण ते माणसांशी होतं. आता एका कॉम्प्युटरवरून एक पान दिवसात कितीही वेळा उघडा, आकडा एकदाच वाढणार.

"लोक बोंबलतील," हौसराव म्हणाले.

"बोंबलू द्या. साइट पडली तर तुम्हाला बोंबलावं लागंल, ते जास्त वाईट."

लोक बोंबललेच. दोन दिवस फोन घणघणत होता. मग आपल्या लोकांची अक्कल चालली. एका भावकीनं जीप केली आणि मांडवगण, तळेगाव, कासुर्डी असे सायबर घेत घेत एकेका कॉम्प्युटरवर एकेक बोट दाबत देवदर्शनासारखी फेरी काढली. प्रतिभानं ते ऐकलं आणि मनापासून हात जोडले. एवढ्यानं तिच्या मशीनला काही होणार नव्हतं.

मेळाव्याच्या दिवशी दौंडचं मंगल कार्यालय सकाळीच भरलं. टेलिफोनची वायर खिडकीतून आत ओढली होती, जनरेटर मागच्या अंगाला धडधडत होता. प्रतिभा स्टेजच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर घेऊन बसली होती. हौसरावांनी माइकवर साइट उघडल्याचं जाहीर केलं, पडद्यावर पहिलं स्थळ आलं, दुसरं आलं, टाळ्या पडल्या. प्रतिभा टाळ्यांकडं बघत नव्हती. ती फोनकडं बघत होती.

जेवणाच्या आधी तो वाजला. जालिंदर होता. "लाइट आली. सगळ्या खुर्च्या भरल्या. बाहेर रांग हाय."

म्हणजे सगळीकडंच आली होती. तिच्या पडद्यावरची ताणाची रेघ वर चढायला लागली. तळेगावात जिथं साइट पडली होती ती उंची आली, आणि रेघ ती ओलांडून वर गेली. प्रतिभाचे तळहात ओले झाले. तिला स्वतःच्या कामाची खात्री होती, तरी नजर त्या रेघेवरून हलेना. पडद्यावर हौसरावांनी पुढचं स्थळ मागितलं. ते पटकन उघडलं. त्याच्या पुढचंही उघडलं. रेघ वर जाऊन तिथंच आडवी झाली आणि आडवीच राहिली. प्रतिभानं ओढणीला हात पुसले.

एक बाप तावातावानं स्टेजशी आला. "माझ्या पोराचा नवा फोटो चढवला आन् जुनाच दिसतोय!"

"मामा, लिहिणारी मशीन एक आन् दाखवणारी एक. तिकडनं इकडं यायला जरा येळ लागतो. चहा घ्या, तवर यील."

तो चहा घेऊन परत आला तोवर फोटो आला होता. तो आपल्या खुर्चीवर जाऊन बसला.

संध्याकाळी सत्काराची वेळ आली आणि हौसरावांनी कागद वाचून प्रतिभाकडं दोनदा बघितलं. सगळ्यात जास्त लोकांनी पाहिलेला नवरदेव कुठल्याच मोठ्या भावकीतला नव्हता. रांजणगावात फिटर असलेला संपत नावाचा पोरगा. फोटोत हसत होता, माहितीत 'स्वयंपाक येतो' असं लिहिलं होतं. खरोखरीच्या पोरींनी त्याला बघितलं होतं. त्याचा बाप मागच्या रांगेतून उठला तेव्हा त्याला वाटलं, आपली चप्पल कुणाशी तरी बदलली म्हणून बोलावताहेत. त्याच्या खांद्यावर शाल पडली आणि त्यानं ती सगळा वेळ दोन्ही हातांनी धरून ठेवली.

कार्यालय रिकामं होताना हौसराव प्रतिभाजवळ आले. "पुन्याच्या मानसाला सांगून टाकतो, आमचं जमलंय म्हनून. तुझी ती ओळ ऱ्हाऊ दे. आन् अक्षरं जरा मोठी कर. मला चष्म्याबिगर दिसत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी प्रतिभा पेढे घेऊन मांडवगणला गेली. मल्हारी गोठ्यात गाईपुढं वैरण टाकत होता. त्यानं पेढा घेतला, पण तोंड काही फुलेना.

"काय झालं, आबा? साइट न्हाई पडली. सगळे खूश हायेत."

"सगळ्यांचं र्‍हाऊ दे. तू त्या मशीनला काय केलंस?"

"म्हंजी?"

"तुझा आकडा हलंना."

"माझा कुठला आकडा?"

मल्हारी वैरण खाली ठेवून गव्हाणीच्या कडेला बसला. "ती तळाची ओळ. आपल्या दोघांच्या नावाची. तिच्यावर दाबलं की तुझा फोटो येतोय आन् खाली आकडा. जालिंदरनं मला दाखवलं. त्योच म्हनला, गावात बोलत्यात, साइट पडली तर आप्पा नाव पुसनार हायेत. मी म्हनलं, ज्याचा आकडा मोठा त्याचं नाव पुसायची कुनाची छाती हाय? मग रोज डेअरीला दूध घातलं की बसायचो त्याच्याकडं. बोट दुखंपतूर दाबायचो. कुनाला सांगू नको म्हनून त्याला शपथ घातली." तो थांबला. "लई वर न्हेला व्हता मी. आन् आता एकदा दाबलं की पुन्हा हलतच न्हाई. तूच बिघडवलंस."

प्रतिभाला आत्ता उमगलं. प्रत्येक पान तिनं एकाच साच्यातून काढलं होतं. तिच्या स्वतःच्या पानाखालीही आकडा येत होता आणि तो तिनं कधी बघितलाच नव्हता. ती तक्त्याला कडी लावणारी, रांग बाहेर ताटकळत ठेवणारी बोटं शोधत तिनं टोप्यांना हसून घेतलं होतं. त्यांत एक बोट या गोठ्यातलं होतं. ज्या नावासाठी ती माडीवर झगडत होती, त्याच नावासाठी तिचा बाप इकडून रोज साइट पाडायला हातभार लावत होता. तिला रडू आलं आणि हसूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं तिनं पेढ्यांचा पुडा गाईच्या पाठीवर ठेवला.

हे त्याला सांगायचं का? सांगितलं असतं तर त्याला कळलं असतं. तो काही अडाणी नव्हता. पण तिनं नाही सांगितलं.

"न्हाई बिघडलं, आबा," ती त्याच्या शेजारी टेकत म्हणाली. "आता नवा कायदा हाय. दिसाला एकदाच मोजतात."

"एकदानं काय हुनार? नाव टिकंल का?"

"टिकंल. पन एक दिवसबी चुकवायचा न्हाई. रोज एकदा दाबा."

मल्हारीनं मान हलवली आणि दुसरा पेढा उचलला. दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर दूध घालून तो जालिंदरच्या गाळ्यात शिरला, रिकाम्या खुर्चीत बसला, तळाच्या मोठ्या झालेल्या ओळीवर एकदाच बोट दाबलं आणि आकडा हलेपर्यंत चहा पीत थांबला. मग उसाला पाणी द्यायचं होतं म्हणून उठून गेला.